पायथनमधे मराठी स्ट्रिंग हाताळताना नेमकं काय बिघडतं आणि ते नीट कसं करायचं

विचारलंय ते थोडक्यात असं: पायथन ३ वापरतोय, नावांची मोठी यादी आहे, सगळी देवनागरीत. लेन फंक्शन "क्षत्रिय" ची लांबी ८ सांगतं, सर्चमधे "दुसऱ्या" शब्द काही ओळींत सापडतो आणि काहींत डोळ्यांना दिसत असूनही सापडत नाही, आणि तोच कोड लिनक्सवर चालतो पण विंडोजवर फाइल उघडताना एरर देतो. पायथन ३ मधे युनिकोड आपोआप असतं ना, मग हे का?

असतं. २००८ साली पायथन ३ आलं तेव्हापासून स्ट्रिंग म्हणजे युनिकोडच, त्याबद्दल शंका नको. पण त्याचा अर्थ एवढाच की स्ट्रिंग ही कोडपॉइंटची, म्हणजे युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेल्या नंबरांची, रांग आहे. आपण वाचतो त्या अक्षरांची रांग नाही, आणि फाइलमधल्या बाइट्सची रांग तर नाहीच नाही. तुमच्या तिन्ही अडचणी इथूनच निघतात, त्यामुळे आधी हे नीट बघू.

"क्षत्रिय" घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं: क्ष, त्रि, य. कोडपॉइंट मात्र आठ: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व इकार, य. आणि हाच शब्द यूटीएफ-८ मधे (कोडपॉइंटचे बाइट्स करायची नेहमीची पद्धत) एन्कोड केला की २४ बाइट्स, कारण देवनागरीचा ब्लॉक यू+०९०० ते यू+०९७एफ असा आहे आणि त्यातल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात. म्हणजे एकाच शब्दाची लांबी ३, ८ आणि २४, तिन्ही बरोबर, तुम्ही काय विचारताय त्यावर उत्तर अवलंबून. पायथनचं लेन ८ सांगतं. रस्ट आणि गो यांचं लेन बाइट्स मोजतं म्हणून तिथे २४ येईल. जावा आणि जावास्क्रिप्ट यूटीएफ-१६ चे तुकडे मोजतात, देवनागरीसाठी तेही ८ च येतात, पण बऱ्याचशा इमोजींना तिथे दोन तुकडे लागतात. स्विफ्ट हा वेगळा, तो डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजायचा प्रयत्न करतो. त्यामुळे "स्ट्रिंगची लांबी" असं मोघम कुणी म्हणालं की मी आधी विचारतो कशाची? डेटाबेसच्या बाइट लिमिटसाठी हवी असेल तर एन्कोड करून मोजा, स्क्रीनवर "जास्तीत जास्त २० अक्षरं" असं दाखवायचं असेल तर दिसणारी अक्षरं मोजा. नुसत्या कोडपॉइंटच्या संख्येचा माणसाला फारसा उपयोग नसतो.

या दिसणाऱ्या अक्षराला युनिकोडच्या भाषेत ग्राफीम क्लस्टर म्हणतात. पायथनच्या पोटात ते मोजायची सरळ सोय नाही, रेजेक्स नावाचं वेगळं पॅकेज पिपने टाकावं लागतं (आत येतं ते आरई मॉड्यूल वेगळं, हे वेगळं) आणि त्यात बॅकस्लॅश कॅपिटल एक्स हा पॅटर्न एक पूर्ण क्लस्टर पकडतो. इथे एक गोष्ट माहीत असू द्या. जोडाक्षर तोडू नये हा नियम युनिकोड १५.१ मधे, म्हणजे २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमांनी "क्षत्रिय" चे पाच तुकडे पडायचे: क्, ष, त्, रि, य. त्यामुळे लायब्ररी जुनी असेल तर पाच येतील, नवी असेल तर तीन. दोन सर्व्हरवर वेगळा आकडा आला तर कोडमधे बग शोधत बसण्याआधी लायब्ररीचं व्हर्जन बघा.

स्ट्रिंग कापताना आणि उलटी करताना हेच आडवं येतं. "मराठी" हा शब्द स्लाइसने उलटा केला तर आधी दीर्घ ईकार येतो, त्याच्या आधी धरायला अक्षरच नाही म्हणून तो ठिपक्यांच्या गोलाला लटकलेला दिसतो, आणि मग ठ ला म्हणजे भलत्यालाच काना लागतो. उलटं करायचं काम रोज कुणी करत नाही, पण "पहिली दहा अक्षरं दाखव आणि पुढे तीन टिंबं" हे प्रत्येक ॲपमधे असतं, आणि तिथे "त्रि" मधला इकार कापला जाऊन नुसतं "त्र" उरतं किंवा शेवटी पाय मोडलेलं अक्षर लटकतं. एखाद्याचं नाव असं मोडलेलं दिसणं मला खरंच खटकतं, आणि टाळणं फार सोपं आहे: आधी क्लस्टरची यादी करा, यादी कापा, परत जोडा.

आता विंडोजवाली एरर. तुम्ही एररचा पूर्ण मजकूर दिलेला नाही पण मी जवळजवळ खात्रीने सांगतो की त्यात चारमॅप असा शब्द आणि ०एक्स८डी किंवा ०एक्स८१ असा बाइट असणार. कारण असं की ओपन फंक्शनला एन्कोडिंग सांगितलं नाही तर पायथन सिस्टिमला विचारतो, लिनक्स आणि मॅक बहुतेक वेळा यूटीएफ-८ सांगतात, बऱ्याच विंडोज मशीन सीपी-१२५२ सांगतात. हे जुनं एका बाइटचं एन्कोडिंग आहे आणि त्यात पाच बाइट रिकामे ठेवलेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आता गंमत बघा, हलन्त हा यू+०९४डी, त्याचे यूटीएफ-८ बाइट ई०, ए५, ८डी. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१. ए चा ८एफ, ऐ चा ९०, झ चा ९डी. म्हणजे मजकुरात पहिलं जोडाक्षर किंवा पहिला उकार आला की पायथन थांबतो आणि एरर देतो.

पण "मराठी" या शब्दात यातला एकही बाइट नाही! त्यामुळे फाइलमधे नुसतं तेवढंच असेल तर एरर येणारच नाही, गुपचूप कचरा वाचला जाईल. मी एररपेक्षा याला जास्त घाबरतो, एरर निदान दिसते तरी. हा कचरा ओळखायचा कसा, तर देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट ई० ए४ किंवा ई० ए५ ने सुरू होतो, त्यामुळे दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए दिसतो आणि त्याच्या मागोमाग चलनाची गोल खूण नाहीतर येनची खूण. असं दिसलं की समजा, यूटीएफ-८ चा मजकूर एकबाइटी एन्कोडिंगने वाचला गेलाय.

उपाय साधा, प्रत्येक ओपनला एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्वतः लिहायचं, वाचताना पण आणि लिहिताना पण, कंटाळा करायचा नाही. पायथनयूटीएफ८ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केलं तरी ३.७ पासून चालतं, आणि ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट करायचं ठरलंय, पण तुमचा कोड कुठल्या व्हर्जनवर चालेल हे तुमच्या हातात नसतं म्हणून लिहाच. सीएसव्ही एक्सेलमधे उघडायची असेल तर यूटीएफ-८-सिग वापरा, तो फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची बॉम नावाची खूण टाकतो, ती असली की डबल क्लिक केल्यावर एक्सेल मजकूर नीट ओळखतो. वाचतानाही तोच दिला तर खूण असो नसो, दोन्ही चालतं. साध्या यूटीएफ-८ ने वाचली तर ती खूण पहिल्या कॉलमच्या नावाला न दिसता चिकटते आणि मग डिक्शनरीत "नाव" ही की सापडतच नाही, हा प्रश्न लोक वर्षानुवर्षं विचारतायत.

आधीच बिघडलेला मजकूर कधी कधी परत मिळतो. स्ट्रिंग लॅटिन-१ किंवा सीपी-१२५२ ने एन्कोड करून आलेले बाइट्स यूटीएफ-८ ने डीकोड करा, कशाने बिघडला त्यावर दोन्हीपैकी एक लागू पडेल. दोन्ही मिसळलेले असतील तर एफटीएफवाय नावाचं पॅकेज आहे, ते बरंच सांभाळून घेतं. पण डेटाबेसमधे जर अक्षरांच्या जागी खरीखुरी प्रश्नचिन्हं सेव्ह झाली असतील, किंवा काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह म्हणजे यू+एफएफएफडी, तर तो मजकूर गेला. मूळ फाइल शोधा, वेळ घालवू नका. आणि याच कारणासाठी डीकोड करताना एररची सेटिंग इग्नोर किंवा रिप्लेस ठेवून पुढे जायची सवय लावून घेऊ नका, ती एरर तुमच्या बाजूची आहे.

आता "दुसऱ्या". हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि बाहेरच्या ट्युटोरियलमधे तो सापडत नाही कारण ती लिहिणाऱ्यांना मराठीचा ऱ्या माहीत नसतो. हा शब्द निदान तीन प्रकारांनी टाइप होतो. एक, ऱ म्हणजे यू+०९३१, मग हलन्त, मग य. दोन, साधा र यू+०९३०, मग नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) यू+०९३सी, मग हलन्त, मग य. तीन, साधा र, हलन्त, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर यू+२००डी, मग य. कुठला येतो ते कीबोर्डवर ठरतं, टाइप करणाऱ्याला पत्ताही नसतो, स्क्रीनवर तिन्ही सारखे. पण पहिल्याची लांबी ७, बाकी दोघांची ८, आणि बरोबरीचं चिन्ह लावलं तर तिन्ही वेगळे.

लोक सांगतात युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइझ वापरा, एनएफसी (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असलं तर ते एका ठरावीक रूपात आणायचा युनिकोडचा नियम) द्या, झालं. वापराच, पण अर्धंच काम होतं. एनएफसी पहिला आणि दुसरा प्रकार एक करतो, कारण र अधिक नुक्ता म्हणजे ऱ हे युनिकोडने अधिकृतपणे मान्य केलंय. तिसरा तसाच राहतो. मग कुणीतरी सुचवतं की न दिसणारी कॅरेक्टर सरसकट काढून टाका. तेही नका करू, निदान आधी नका करू! जॉइनर काढला की "दुसर्‍या" चं "दुसर्या" होतं, म्हणजे अर्ध्या र चा रफार होऊन तो य च्या डोक्यावर जातो, आणि तो शब्दच चुकीचा आहे. क्रम असा ठेवा: आधी र, हलन्त, जॉइनर या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घाला, मग एनएफसी, आणि मग उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर (जोडाक्षर सुटं ठेवणारं तसंच न दिसणारं चिन्ह) काढा, ते पण फक्त शोधण्यासाठीच्या कॉपीतून. दाखवायच्या मजकुरात कुणीतरी मुद्दाम जोडाक्षर सुटं दिसावं म्हणून ते घातलेले असतात, ते राहू द्या.

असाच दुसरा त्रास "ॲप" चा. ॲ हा स्वतंत्र कोडपॉइंट यू+०९७२, तो २००८ साली युनिकोड ५.१ मधे आला. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे, अजूनही कित्येक कीबोर्ड तसंच करतात, आणि काहीजण हिंदीतला ऍ वापरतात. तीन वेगळ्या स्ट्रिंग, आणि एनएफसी यातल्या कुठल्याच एक करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी त्या समान नाहीत. ऑ चं पण तसंच, तो एकच कोडपॉइंट असू शकतो, अ ला ॉ लावलेला असू शकतो नाहीतर आ वर चंद्र. हा टेबल हातानेच करावा लागतो, दहा-बारा ओळींचा होतो. ऍ चं ॲ करताना डेटा नक्की मराठीच आहे ना तेवढं बघा.

विसर्गाच्या जागी कोलन हा आणखी एक. "दुःख" आणि "दु:ख", दुसऱ्यात साधा कोलन आहे, खूप लोक तसंच टाइप करतात. मी दोन देवनागरी अक्षरांच्या मधे स्पेस नसताना आलेला कोलन विसर्ग धरतो, पण तेही फक्त सर्चच्या कीमधे, मूळ मजकुरात नाही, कारण "नाव:पत्ता" असं पण कुणी लिहिलेलं असतं.

नुक्त्याबद्दल एक उलटी गोष्ट. ड़, ढ़, ज़ वगैरेंसाठी यू+०९५८ ते यू+०९५एफ असे आठ जोडलेले कोडपॉइंट आहेत, पण एनएफसी त्यांना जोडलेलं ठेवत नाही, उलट फोडतो. म्हणजे एनएफसी केल्यावर स्ट्रिंगची लांबी वाढू शकते. हे बरोबर आहे, ती अक्षरं मुद्दाम अपवादाच्या यादीत ठेवली आहेत. फक्त तुमच्या टेस्टमधे जोडलेलं अक्षर लिहून ठेवलं असेल तर टेस्ट फेल होईल आणि तुम्ही गोंधळाल.

रचना म्हणून माझा आग्रह असा की प्रत्येक रेकॉर्डला दोन कॉलम ठेवा, एक माणसाने दिलेला मजकूर जसाच्या तसा, फार तर एनएफसी करून, आणि दुसरा वरची सगळी साफसफाई केलेली सर्च की. शोधायला आलेला शब्द पण त्याच फंक्शनमधून पाठवा. लोकांची नावं "दुरुस्त" करून परत सेव्ह करू नका.

रेग्युलर एक्स्प्रेशनबद्दल (पॅटर्न देऊन मजकूर शोधायची सोय) विचारलं नाहीये पण सर्च लिहिताय म्हणजे तिकडे जाणारच. आत येणाऱ्या आरई मॉड्यूलमधे बॅकस्लॅश डब्ल्यू हा शब्दातली अक्षरं पकडायचा पॅटर्न काना, मात्रा, वेलांटी, हलन्त काहीच पकडत नाही, कारण तो फक्त अक्षर, अंक आणि अंडरस्कोर धरतो आणि मात्रांचा वर्ग युनिकोडमधे मार्क असा वेगळा आहे. "मराठी" वर फाइंडऑल चालवलं तर "मर" आणि "ठ" असे दोन शब्द मिळतात. शब्दाची सीमा दाखवणारा बॅकस्लॅश बी तर अगदी उलटं वागतो: दोन्ही बाजूंनी सीमा लावून "मराठी" शोधलं तर "मराठी भाषा" मधे सापडत नाही, कारण ईकारही शब्दाबाहेरचा आणि स्पेसही शब्दाबाहेरची, मधे सीमाच नाही. आणि "मराठीत" मधे मात्र सापडतं, जिथे नको होतं तिथे. याच कारणाने "मराठी" वर इजअल्फा विचारलं तर उत्तर फॉल्स येतं, म्हणून नावाच्या फॉर्ममधे ते व्हॅलिडेशन ठेवू नका, निम्म्याहून जास्त नावं नाकारली जातील. वर सांगितलेलं रेजेक्स पॅकेज मार्क्सना शब्दाचा भाग मानतं, ते वापरा. नाही टाकता येत असेल तर यू+०९०० ते यू+०९७एफ अशी रेंज लिहा, फक्त त्यात दंड आणि दुहेरी दंड पण येतात आणि जॉइनर येत नाही, दोन्हीची सोय करा.

बॅकस्लॅश डी मात्र देवनागरी अंक पकडतो, आणि इंट फंक्शन "१२३" घेऊन बिनतक्रार १२३ देतं. छानच आहे, पण फोन नंबर तपासून तसाच पुढे दुसऱ्या सिस्टिमला पाठवलात तर ती तो घेईलच असं नाही. तपासायच्या आधी युनिकोडडेटामधल्या डिजिट फंक्शनने एकेक अंक बदलून घ्या, पूर्ण स्ट्रिंगला इंट लावलं तर सुरुवातीची शून्यं जातात.

स्ट्रिप बद्दल एवढंच की तो नॉन-ब्रेकिंग स्पेस काढतो पण झीरो विड्थ स्पेस आणि बॉम काढत नाही, कॉपी-पेस्ट केलेल्या मजकुरात हे असतात. आणि जेसनमधे मराठीच्या जागी बॅकस्लॅश यू वाले आकडे दिसले तर काही बिघडलेलं नाही, एन्शुअर आस्की फॉल्स करा, मजकूर वाचता येईल आणि फाइल निम्मी होईल. मायएसक्यूएल असेल तर कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ ठेवा, तिथला जुना यूटीएफ८ तीन बाइटचाच आहे, देवनागरी त्यात मावते म्हणून सगळं ठीक वाटतं आणि पहिला इमोजी आला की इन्सर्ट फेल होतं.

यादी मोठी आहे म्हणता तर सॉर्ट पण लागेल. पायथनचं सॉर्टेड कोडपॉइंटच्या नंबराने लावतं. देवनागरी ब्लॉक बराचसा वर्णमालेच्या क्रमाने आहे म्हणून वरवर बरोबर दिसतं, पण ळ तिथे ल आणि व च्या मधे आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. त्यामुळे "काळा" हा "काही" च्या आधी येतो. ॲ ने सुरू होणारे शब्द तर ज्ञ आणि ह च्याही पुढे, यादीच्या तळाशी जातात कारण यू+०९७२ खूप पुढचा आहे. यासाठी आयसीयू लायब्ररीचं पायथनसाठीचं पॅकेज पायआयसीयू घ्या, त्यात मराठी लोकेलचा कोलेटर (त्या भाषेच्या क्रमाने शब्दांची तुलना करणारा) बनवा आणि त्याची सॉर्ट की सॉर्टेडला द्या. इन्स्टॉल करताना थोडा त्रास देतं पण स्वतः नियम लिहिण्यापेक्षा कितीतरी बरं.

काही अडलं तर प्रिंट करून डोळ्यांनी तुलना करू नका, डोळे इथे उपयोगाचे नाहीत. स्ट्रिंग आस्की फंक्शनमधून प्रिंट करा, प्रत्येक कोडपॉइंटचा नंबर दिसतो, जॉइनर लपलेला असेल तर तोही. नंबर वाचायचा कंटाळा आला तर युनिकोडडेटाचं नेम प्रत्येकाचं पूर्ण नाव सांगतं. तुमच्याकडच्या सापडणाऱ्या आणि न सापडणाऱ्या दोन "दुसऱ्या" वर आत्ता हे चालवून बघा आणि आउटपुट इथे टाका, तिसऱ्या प्रकाराचा जॉइनर निघाला तर वरचा क्रम तसाच लागू होईल, वेगळंच काही निघालं तर मी बघून सांगतो.